राखेचं पाणी

थोरलीच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलाकडच्या एका पाहुण्यानं मला विचारलं, "तुमी करता काय?" म्हटलं, शेती आहे थोडी, आणि पावसाळा सोडला की चालतो. "चालता म्हंजे?" "म्हंजे पायी चालतो." पाहुण्यानं पोह्यांची बशी खाली ठेवली. सोयरिकीचा पुन्हा विचार सुरू झाला असावा. तेवढ्यात आतून माझ्या बायकोचा आवाज आला, "जैनायच्या महासतीजी असतात न, पांढऱ्या कपड्यातल्या, त्यायच्यासंगं जातात हे. रस्त्यानं त्यायची सोय लावतात." तेव्हा कुठे बशी परत उचलली गेली.

सोय लावणं हेच माझं काम. आता गुडघ्यांनी राजीनामा दिला, पण बरीच वर्षं मी तेच केलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जैन साध्वी गाडीत बसत नाहीत. पायात चप्पल घालत नाहीत. चातुर्मास सोडला तर एका गावात मुक्काम धरून राहत नाहीत. तोंडावर पांढरी पट्टी, हातात लाकडी पात्रं, खांद्यावर जेवढं मावेल तेवढं सामान, आणि चालायचं. याला विहार म्हणतात. वाशीम, मंगरूळपीर अशा गावांत जैन दुकानदारांची घरं आहेत, तिथं काही अडत नाही. पण दोन मोठ्या गावांच्या मधे आमच्या जिल्ह्यात काय आहे? सोयाबीन, तूर, रान, आणि एखादी जिल्हा परिषदेची शाळा. तिथं एकही जैन घर नसतं. म्हणून गावातली व्यापारी मंडळी एक लहान गाडी द्यायची. तिच्यात ड्रायव्हर, एक स्वयंपाकी, ताडपत्र्या, भांडी, कंदील. ही गाडी पुढच्या मुक्कामावर जाऊन थांबणार. आणि महासतीजींच्या मागे, थोडं अंतर राखून, एक माणूस पायी. तो मी.

वाशीमचे कापडवाले कांतीशेठ यांनी मला या कामाला लावलं. मी त्यांच्या दुकानात गठ्ठे वाहायचो. एक दिवस म्हणाले, "सुखदेव, तुझे पाय चांगले आहेत आणि तोंड कमी चालतं. तू विहाराला जा." पायांचं त्यांचं निदान बरोबर होतं.

रानात मुक्काम करणारे हौशी लोक आता मीही पाहिले आहेत. तंबू, घड्या घालायच्या खुर्च्या, बॅटरीचे दिवे, मधे मोठी शेकोटी. घरची प्रत्येक सोय रानात न्यायची, असा त्यांचा हिशेब. आमचा हिशेब उलटा होता. दिवा त्यांना चालत नाही. पंखा चालत नाही. विस्तवाला त्या हात लावत नाहीत, शेकत नाहीत, शेकोटीचा उजेडसुद्धा अंगावर पडू देत नाहीत, कारण आगीतही जीव आहे असं त्या मानतात. दिवस मावळला की पाण्याचा थेंबही नाही, तो थेट दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर. मग मी सोय ती कसली लावणार? पहिल्या वर्षी मला हाच प्रश्न पडला होता.

सगळ्यात अवघड सोय म्हणजे जी सांगताना लोक घसा खाकरतात ती. पाणी ओतायचं शौचालय त्यांना चालत नाही. त्यांना मोकळी, कोरडी जमीन लागते, जिथं गवत नाही, मुंग्या नाहीत, कोंब नाहीत, आणि आडोसा आहे. मुक्कामाच्या गावी पोचल्यावर मी आधी ती जागा हुडकायचो आणि धाकट्या महासतीजींना लांबूनच हात करून दिशा दाखवायचो. तोंडाने काही बोलायचं नाही. पूर्वी गावाबाहेर अशी पडीक जमीन असायची. आता बांधापर्यंत सोयाबीन, त्याच्या पुढे तारेचं कुंपण, आणि रस्ते इतके रुंद झाले की आडोसा म्हणून राहिलाच नाही. एका भाविकानं मोठ्या श्रद्धेनं घडीचं शौचालय दिलं होतं, झिप असलेलं, हिरव्या रंगाचं. घेतलं. नाही कसं म्हणायचं? त्यात आम्ही सरपण ठेवायचो. पावसाचा शिडकावा झाला तरी कोरडं राहायचं.

दुसरी गोष्ट शेकोटी. आम्ही तिघं उघड्यावर झोपायचो, तेव्हा शेकोटी आम्हाला लागायचीच. ती अशा ठिकाणी पेटवायची की महासतीजी ज्या खोलीत आहेत तिच्या दारा-खिडकीतून उजेड आत जाणार नाही. आधी भिंत बघायची, मग वारा, मग लाकडं. आमच्या रिठदच्या बाजूला एका शाळेत गुरुजींनी आमच्या आधीच मैदानात मोठी शेकोटी पेटवून ठेवली होती. भजनी मंडळ बसलेलं, पोरं-पोरी अंघोळ करून आलेली. महासतीजी आत गेल्या आणि त्यांनी दार लोटून घेतलं. गुरुजींचा चेहरा मला अजून आठवतो. मी त्यांना बाजूला घेऊन समजावलं. भला माणूस होता, ऐकलं त्यानं. दुसऱ्या दिवशी उन्हात मुलांना घेऊन बसला आणि महासतीजींनी तासभर गोष्टी सांगितल्या.

आणि तिसरं, पाणी. या कामाचं मूळ पाण्यात आहे आणि मला जे सांगायचं तेही पाण्याचंच आहे.

विहिरीचं, नळाचं कच्चं पाणी त्या पीत नाहीत. उकळलेलं लागतं. पण नुसतं उकळलेलं असून भागत नाही. ते त्यांच्यासाठी उकळलेलं नसावं. अन्नाचंही तसंच. "तुमच्यासाठी केलं" म्हटलं की संपलं, कारण मग चूल पेटल्याचा, पाण्यातला जीव गेल्याचा दोष त्यांच्याकडे जातो. घरच्यांनी घरच्यांसाठी केलेलं असावं, त्यातलं थोडं त्या घेणार. म्हणून आमच्या गाडीवर पाणी उकळायचं ते आमच्यासाठी, आणि आम्ही खरोखर तेच प्यायचो. वैशाखात, समोर गार पाण्याची विहीर असताना, मी ते कोमट पाणी प्यायचो. ड्रायव्हर कुरकुर करायचा. मी त्याला म्हणायचो, बाबा, आपण नाही प्यालो तर ते आपलं राहत नाही, आणि आपलं नसलं तर त्यांना देता येत नाही.

उकळलेल्या पाण्याशिवाय आणखी एक पाणी चालतं. धोवण. राखेनं भांडी घासली की पहिलं जे राखेचं पाणी निघतं ते. जरा निवळू दिलं आणि गाळलं की झालं. पूर्वी गावोगाव मिळायचं म्हणतात. मी या कामाला लागलो तोवर घरोघर भांड्याच्या साबणाची वडी आली होती. बायांचे हात सुटले राखेतून, चांगलंच झालं. पण धोवण गेलं. मी त्याचा विचार करणंच सोडलं होतं.

त्या वर्षी तुरीची सोंगणी चालू होती. तीन महासतीजी होत्या. मोठ्या महासतीजी सत्तरीच्या पुढे, काठी टेकत चालायच्या. मधल्या कायम मौनात. धाकट्या खानदेशातल्या, शिकलेल्या, मराठी बोलायच्या पण हिंदी वळणाची. पातूरकडून मेडशीला यायचं होतं. तो भाग डोंगराचा, रानाचा. गाडी पुढे मेडशीच्या शाळेत जाऊन थांबलेली. मोठ्या महासतीजींच्या अंगात सकाळपासून कणकण होती, पण कोणाला कळू दिलं नव्हतं. एका उतारावर त्यांचा पाय सरकला. पडल्या नाहीत, धाकट्यांनी धरलं. पण त्या धरण्यात खांद्यावरची झोळी आपटली आणि पाण्याचं पात्र उपडं झालं. होतं नव्हतं ते सगळं पाणी मातीत गेलं. माझी बाटलीही वाटेतच रिकामी झाली होती.

थोडं पुढे गेल्यावर मोठ्या महासतीजी बसल्याच. अंग भट्टीसारखं तापलेलं, हे धाकट्यांनी सांगितलं. रस्त्यालगत एक शेत होतं, तुरीचं. मधे टिनाचा कोठा, तीन बाजूंनी बंद, समोरून उघडा. दुपार उतरली होती. मी फोन काढला. रेंज नाही. मेडशीला जाऊन गाडी घेऊन यायचं तर दिवस मावळणार, आणि मावळल्यावर आणलेलं पाणी काय कामाचं? तापात, सुकल्या घशानं, त्या वयात अख्खी रात्र काढायची. मला भीती वाटली. रस्त्यावर इतकी वर्षं काढून जी भीती कधी वाटली नव्हती ती वाटली, की ही बाई आपल्या देखत जाईल.

कोठ्यात एक बाई होती. शेवंताबाई. नवरा मेडशीला पोती घेऊन गेला होता, ती तूर राखायला थांबलेली. रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं यांच्यापायी दोघं महिनाभर शेतातच मुक्कामाला होते. तीन दगडांची चूल, चार भांडी, गोधड्या, आणि कोठ्यामागे रोजच्या शेकोटीचा काळा गोल. मी तिला म्हटलं, महासतीजी आहेत, एकीला बरं नाही, कोठ्यात टेकू देता का?

"विचारता काय, भाऊ? येऊ द्या न त्यायले! मी गोधडी टाकते."

"गोधडी नको, माय. जागा फक्त. आणि तुमच्याकडे उकळलेलं पाणी आहे का? तुम्ही स्वतःसाठी उकळलेलं?"

"उकळेल पानी आमी कायले पिऊ? बिमार हो का आमी?" असं म्हणून ती हसली. मग मोठ्या महासतीजींकडे तिचं लक्ष गेलं आणि हसू गेलं. मी नियम समजावू लागलो, पण तिचं अर्धं लक्ष त्यांच्याकडे. मी त्यांच्या मागे कोठ्यात सामान ठेवायला गेलो आणि बाहेर येतो तो हिनं चूल पेटवून पातेलं चढवलेलं.

बाईला शिकवून ठेवणं मला सहज जमलं असतं. "स्वतःसाठी उकळलं म्हणा," एवढं एक वाक्य. धाकट्या यायला अवकाश होता. मी चुलीपर्यंत गेलोही. पण महासतीजींना खोटं पाणी पाजायचं, आणि ते त्यांना कधीच कळणार नाही, हे मला झेपेना. मी चुलीपासून मागे फिरलो. अजूनही मला नक्की सांगता येत नाही की बरोबर केलं.

पाणी उकळलं. धाकट्या महासतीजी पात्र घेऊन आल्या आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. "बहेन, हे पाणी कोणासाठी केलं?"

शेवंताबाईचा चेहरा फुलला. आपल्याकडे पाहुण्याला याहून मोठं काय सांगतात? "तुमच्यासाठीच, माय! खास तुमच्यासाठी. माह्यासाठी मी कधी एवढं करत नाही."

धाकट्यांनी पात्र मागे घेतलं. हात जोडले आणि मागे फिरल्या.

शेवंताबाई पातेलं धरून तशीच उभी. मग तिनं ते खाली आदळलं. "काहून? माह्या हातचं चालत नाही काय? जात पाह्यली काय त्यायनं माही? तसं असन तं आधीच सांगाचं होतं, कोठ्यात काहून बसल्या मंग?"

"तसं नाही हो, माय," मी म्हणालो.

"कसं नाही? म्या आपल्या डोळ्यानं पाह्यलं. पानी नाही घेतलं त्यायनं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राग होता, पण त्या रागाच्या खाली काहीतरी जुनं होतं. कुठल्या तरी दारात पूर्वी कधी तरी तिच्यासमोर असंच भांडं मागे घेतलं गेलं असणार.

धाकट्यांनी ते ऐकलं. त्या परत आल्या आणि तिच्यापासून हातभर अंतरावर, जमिनीवर, मातीतच बसल्या. "बहेन, तुमच्या हातचं चालतं. आमच्यासाठी केलेलं चालत नाही. तुम्ही राणीसाहेब असत्या तरी मी परत फिरले असते. तुम्ही आज तुमच्यासाठी काय केलं? त्यातलं काही उरलं आहे का?"

"आमच्यासाठी काय करन मी? सकाळी भात केला, दोघं जेवलो. सरला." ती पदरानं नाक पुसत म्हणाली. "गंज घासलं. हे काय, पडेल आहे."

घासलेलं गंज, म्हणजे भाताचं पातेलं, उपडं पडलं होतं. त्याच्या शेजारी एक जर्मनची डेचकी, करड्या पाण्यानं भरलेली. वर निवळ, तळाशी गाळ. धाकट्यांची नजर तिथं थांबली. माझीही.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"ते? ते धोवन होय. रातच्या शेकोटीच्या राखेनं गंज घासलं न. इथं रानात साबन कुठून आनू?"

"आणि ते कशाला ठेवलं?"

"कायले म्हंजे? फेकाले! निंबाच्या बुडाले टाकीन म्हनलं, पानी कमीच आहे इथं."

धाकट्या महासतीजींनी पात्र पुढे केलं. "यातलं थोडं देता का?"

शेवंताबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. "अवं माय, ते खरकटं आहे. राख आहे त्याच्यात. ते कोनी पेतं काय? थांबा, मी..." ती थांबली. कसं कोण जाणे, पण त्याच वेळी तिला समजलं. मी एवढं समजावून जे कळलं नव्हतं ते कळलं. तिनं डेचकी उचलली आणि धाकट्यांच्या पात्रावरच्या गाळण्याच्या फडक्यातून ते पाणी हळूहळू ओतलं. दिवस टेकडीला लागला होता.

आत पात्राचा आवाज आला, मग घोटांचा. मोठ्या महासतीजी पीत होत्या. मी आणि शेवंताबाई बाहेर उभे राहून ते ऐकत होतो. ती पुटपुटली, "चांगलं देल्लं ते नाही घेतलं. फेकाचं होतं ते घेतलं." आणि रडू लागली. मलाही राहवलं नाही. मी तिकडे रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो.

तिचा नवरा आला तेव्हा अंधार पडत होता. थंडी उतरू लागली. कोठ्याच्या उघड्या बाजूनं वारा आत शिरत होता आणि मोठ्या महासतीजी कुडकुडत होत्या. अंगावर त्यांची एक कांबळी. शेवंताबाई माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, कोठ्यामांगं शेकोटी आमी रोजच पेटवतो, डुकरायसाठी. आज पेटवली तं चालते काय?"

"रोज पेटवता तर पेटवा. उजेड आत जाऊ देऊ नका."

"मांगून कसा जाईन? मांगं टिन आहे." मग ती थोडी थांबली. "आन माहं एक ओलं लुगडं आहे. ते मले वाळवाचंच होतं." आणि तिनं ते कोठ्याच्या उघड्या तोंडावर, वाऱ्याच्या आड, दोन खुंट्यांना ताणून बांधलं. गोधड्याही तिथंच वाळत टाकल्या. त्या कोरड्या ठाक होत्या. नवरा म्हणाला, "हे काय करून राह्यली?" ती म्हणाली, "दिसत नाही काय? वाळू घालून राह्यले."

मागे शेकोटी पेटली. मी, शेवंताबाई आणि तिचा नवरा तिथं बसलो. टिन तापत होतं. पलीकडे ती ऊब जात असेल तर त्याचा दोष कोणाकडे, हे मी कोणालाही विचारलं नाही.

सकाळी ताप उतरला होता. ऊन वर आल्यावर त्या निघाल्या. मोठ्या महासतीजींनी उभ्यानं मांगलिक म्हटलं, म्हणजे निरोपाचा आशीर्वाद. शेवंताबाईनं विचारलं, "परत येसान न, माय?" साध्वी असं वचन देत नाहीत. मोठ्या महासतीजी हसून एवढंच म्हणाल्या, "अवसर असेल तसं, बहेन." आणि काठी टेकत रस्त्याला लागल्या.

त्यानंतर मी आणखी काही वर्षं चाललो. पुष्कळ जणींबरोबर चाललो. त्या तिघींचा रस्ता पुन्हा आमच्या जिल्ह्यातून गेला नाही. माझे गुडघे बसले, मी रिठदला घरी आलो. मागच्या हिवाळ्यात कांतीशेठच्या दुकानात गेलो होतो, त्यांनी सांगितलं की मोठ्या महासतीजी दूर गुजरातेत देवलोकी गेल्या. वयच झालं होतं. मी घरी आलो, पण मन लागेना. दुसऱ्या दिवशी एसटी धरली आणि मेडशीला उतरलो. शेवंताबाईला सांगायला हवं असं वाटलं. दुसऱ्या कोणाला सांगणार?

आता ती दोघं शेताला लागून रस्त्यावरच घर बांधून राहतात. नवरा खाटेवर. आत गॅस, मोरीत साबणाची वडी, दाराशी नळ. अंगणात अंघोळीच्या पाण्याची चूल तेवढी राहिली आहे. मी सांगितलं.  तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. मग उठून चहा ठेवला.

चहा पिताना माझी नजर ओट्याच्या कोपऱ्यात गेली. तीच जर्मनची डेचकी. वर स्वच्छ फडकं बांधलेलं. फडक्याचं टोक उचलून पाहिलं, करडं पाणी, वर निवळ, तळाशी गाळ. शेजारी राखेनं घासलेलं भाताचं गंज उपडं घातलेलं.

"साबण आहे की मोरीत," मी म्हणालो.

"हाव. बाकीचे भांडे साबनानंच घासते. भाताचं गंज राखेनं चांगलं निंगते."

"आणि हे पाणी कोणासाठी ठेवलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढी वर्षं चालून मला काहीच कळलं नव्हतं.

"कोनासाठीच नाही, भाऊ," ती म्हणाली. "दिवस बुडाला का निंबाले टाकते."

"रोज?"

"रोज."

दिवस बुडायला अजून वेळ होता. घराचं दार सताड उघडं होतं आणि दारातून सरळ रस्ता दिसत होता. शेवटची एसटी चुकेल हे मला माहीत होतं, तरी मी तिथंच बसून राहिलो.